भाचीला बास्केटबॉल कोच व्हायचंय. कॉलेज संपल्यावर पुढे काय?

रेवती_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. फार दिवसांनी धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझी भाची (भावाची मुलगी) नाशिकलाच टीवाय कॉमर्सला आहे. अकरावीपासून कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये. यंदा नाशिक विभागाकडून आंतरविभागीय स्पर्धा खेळून आली, विद्यापीठाच्या संघातली निवड थोडक्यात हुकली. घरात बँकेच्या परीक्षांचा क्लास लावायचं ठरलं होतं. परवा जेवताना बाईसाहेबांनी जाहीर केलं, मला कोच व्हायचंय. भावाने घास हातात तसाच ठेवून विचारलं, "कोच म्हणजे पीटीच्या बाई का?" तेव्हापासून घरात अबोला आहे आणि दोन्हीकडचे फोन आत्याला, म्हणजे मला.

आपल्याकडे अशी कोणी बाई आहे का, जी कॉलेजात खेळली आणि पुढे खरोखर कोच झाली? शिक्षण काय लागतं? घर चालतं का त्यावर? मला खेळातलं ओ की ठो कळत नाही.

तर्री_कमी

रुमाल टाकून ठेवतो. प्रतिसाद वाचायला येईन.

अण्णा_सातपूर

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. मुलगी माझी असती तर बँक म्हणालो असतो. शाळांमध्ये तासिका तत्त्वावर जे देतात त्यात गाडीचं पेट्रोल निघत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, ते घेऊन आधी टेबलखुर्ची पकडावी. मग संध्याकाळी काय शिट्ट्या वाजवायच्या त्या वाजवाव्यात.

मुक्ताई

अण्णा, मुलगा असता तरी बँकच म्हणाला असता का?

अण्णा_सातपूर

हो. माझा मुलगा बँकेतच आहे. वैतागलाय, पण बँकेत आहे.

निवृत्त_पंच

रेवतीताई, तुमच्या भावाचा प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. तीन वेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात.

शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर बी.पी.एड., आता दोन वर्षांचं. कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं तर एम.पी.एड. ५५ टक्क्यांनी आणि वर नेट किंवा सेट. आणि एका खेळाचा प्रशिक्षक म्हणून ओळख हवी असेल तर एनआयएस, म्हणजे पटियालाची १९६१ साली सुरू झालेली राष्ट्रीय संस्था. तिचा पदविका अभ्यासक्रम वर्षाचा. ज्यांना वर्ष काढणं शक्य नाही त्यांच्यासाठी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्स. फिबाचेही (जागतिक बास्केटबॉल महासंघ) लेव्हल एक, दोन असे प्रशिक्षकांचे कोर्स आपल्याकडे होतात. कागद कुठलाही घ्या, पण तो कुठल्या दारावर चालतो ते आधी विचारा. पटियालाचं प्रमाणपत्र घेऊन शाळेच्या नोकरीला गेलेले आणि "बी.पी.एड. कुठे आहे?" ऐकून परत आलेले मी बघितलेत.

आणखी एक. यंदाची सगळी स्पर्धा-प्रमाणपत्रं जपून ठेवायला सांगा. अण्णा म्हणतात त्या ५ टक्क्यांसाठी आता पडताळणी कडक आहे, बोगस प्रमाणपत्रांचा सुळसुळाट झाला होता म्हणून.

पेठरोडचा_बंटी

जरा अवांतर. बास्केटबॉलने उंची वाढते का? मुलगी ११ वर्षांची आहे, सासूबाई म्हणतात टाका.

तर्री_कमी

वाढते. मी चार वर्षं खेळलो, बॅकबोर्डची उंची खूप वाढल्यासारखी वाटायची.

निवृत्त_पंच

नाही. उंच मुलं निवडली जातात म्हणून तसं दिसतं. मगसी बोग्ज ५ फूट ३ इंचांचा होता आणि एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळला. रिंग सगळ्यांना सारखीच, ३.०५ मीटरवर.

कोलंबियाकर

मूळ गंगापूर रोडची, सध्या अमेरिकेत, साउथ कॅरोलिनात. इथे मुलींच्या बास्केटबॉलला १८ हजारांचं स्टेडियम भरतं, मी स्वतः रांगेत उभी राहून तिकीट काढलंय. (नाशिकच्या मुलीला रांगेची सवय असते.)

इथल्या विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची कोच डॉन स्टेली. उंची ५ फूट ६. कॉलेजात व्हर्जिनियाकडून खेळली, नंतर १९९६, २००० आणि २००४ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णं. गंमत म्हणजे २००० साली टेंपल विद्यापीठाने कोच म्हणून बोलावलं तेव्हा ती अजून खेळतच होती. काही वर्षं हिवाळ्यात कोच, उन्हाळ्यात खेळाडू. २००८ पासून इथे. २०१७, २०२२ आणि २०२४ ची राष्ट्रीय विजेतेपदं, २०२४ ला तर ३८ सामने आणि एकही हार नाही. टोकियो ऑलिंपिकला अमेरिकेच्या सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचीही तीच कोच होती.

दुसरी बेकी हॅमन. १९९९ ला डब्ल्यूएनबीएच्या (बायकांची व्यावसायिक लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, तिला कोणी घेतलंसुद्धा नाही. २०१४ ला ती एनबीएच्या स्पर्स संघात पूर्णवेळ सहायक कोच झाली, पुरुषांच्या संघात! ३० डिसेंबर २०२० ला मुख्य कोचला पंचांनी बाहेर काढलं आणि उरलेला सामना हिने चालवला. भाचीच्या बाबांना दाखवा.

अण्णा_सातपूर

ताई, तिकडचं तिकडे. आपल्याकडे १८ हजार माणसं फक्त कुंभमेळ्यात आणि सेलमध्ये जमतात.

मुक्ताई

मग इथली उदाहरणं घ्या. शिबा मॅगन भारताकडून खेळली, मग फिबाची पंच झाली, कोचही झाली. चेन्नईच्या अनिता पॉलदुराईला २०२१ ला पद्मश्री मिळाली. २०१७ ला बंगळुरूत आपल्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ ने हरवून आशिया कपचा ब गट जिंकला. पुण्याची शिरीन लिमये तर भारताची कर्णधार होती. आपल्याला माहीत नसतं, एवढंच.

अण्णा_सातपूर

यातली नाशिकची कोण?

सहा_नंबरी

हा धागा मैत्रिणीने पाठवला म्हणून खास पासवर्ड बदलून लॉगिन केलंय. रेवतीताई, तुम्ही शोधताय तशी एक बाई मी असेन. मोठी कोच वगैरे नाही हं. शाळेच्या मुलींना शिकवते, जिल्ह्याच्या संघाबरोबर काही वेळा गेलेय. पण कॉलेज ते कोच ही वाट पायी चाललेय.

सिडकोत वाढले. वडील अंबडला कंपनीत. २००७ ला अकरावीला कॉलेजात आले तेव्हा मी खो-खोची. पळतीत बरी होते, हुलकावणी चांगली द्यायचे. तिथल्या मॅडमनी मैदानावर बघितलं आणि म्हणाल्या, "एवढी खाली वाकून पळतेस, उद्यापासून तिकडे ये." तिकडे म्हणजे सिमेंटचं कोर्ट. एका रिंगला जाळी होती, दुसऱ्या रिंगला जाळीच्या तीन दोऱ्या. उंची ५ फूट २. पहिल्या सामन्यात पहिली पाच मिनिटं मी नुसती ट्रॅव्हलिंग करत होते. चेंडू हातात आला की पाय थांबेनात, खो-खोत कोण थांबतं? पण डिफेन्सला मात्र कोणाला पुढे जाऊ द्यायचे नाही.

आमच्याकडे चेंडू सात नंबरचे. मुलांचे जुने झाले की आमच्याकडे यायचे, गुळगुळीत, हवा कमी. मुलींचा चेंडू सहा नंबरचा असतो हे आम्हाला पुण्यात आंतरविभागीयला गेल्यावर कळलं. परिघाला इंचभर लहान, पन्नास-साठ ग्रॅम हलका. वर्षभर सात नंबरने मनगट घडवलेलं, तो सहा नंबर आमच्या हातून नुसता उडायचा. पहिल्या क्वार्टरला आमचे शॉट बॅकबोर्डच्या वरून पलीकडे. समोरच्या पोरी हसत होत्या. मॅडम हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. परत आल्यावर स्वतःच्या पैशांनी दोन सहा नंबरचे आणले, आणि सामन्याच्या दिवसाखेरीज कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत, झिजतील म्हणून!

बाकीचं उद्या लिहिते. डबे भरायचेत.

तर्री_कमी

म्हणजे आयडी जर्सीवरून नाही, चेंडूवरून होय! मला वाटलं दस नंबरीची धाकटी बहीण.

पेठरोडचा_बंटी

पुभाप्र, म्हणजे पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. (चेंडू कितीला येतो हो सहा नंबरचा?)

कोलंबियाकर

सहा_नंबरी, डोळ्यासमोर उभं राहिलं. आमच्या कॉलेजात कोर्टावर स्कूटी लावायचे.

निवृत्त_पंच

सात नंबरने सराव करून सहा नंबरने खेळणारे संघ मी अनेक पाहिले. पहिल्या दोन मिनिटांत ओळखू येतात. पंचांना सांगताही येत नाही, "बाळा, हळू टाक."

सहा_नंबरी

पुढचं लिहिते.

२०१० ला आंतरराष्ट्रीय नियम बदलले, तीन गुणांची रेषा ६.२५ वरून ६.७५ मीटरवर गेली आणि रिंगखालचा समलंब चौकोन जाऊन आयत आला. आमच्या कोर्टावर मात्र जुनीच रेषा. मी तेव्हा एसवायला, त्या रेषेवरून डोळे मिटून टाकायचे. पुढच्या मोसमात बाहेरगावी खेळायला गेलो तर तिथे नवी रेषा. अर्धा मीटर म्हणजे काय हे तुम्हाला कागदावर कळणार नाही. सामन्यात चार वेळा मी सवयीने आपल्या जुन्या अंतरावर थांबून टाकले, चारपैकी तीन पडले, आणि फळ्यावर तिन्ही वेळा दोनच गुण. आम्ही दोन गुणांनी हरलो. हिशेब तुम्हीच करा.

परत आल्यावर मॅडम, मी आणि आमची सेंटर, तिघींनी टेप आणि खडूने नवी रेषा आखली. पावसाने गेली की पुन्हा आखायची.

कॉलेज संपलं. एका दवाखान्यात रिसेप्शनला बसायचे, संध्याकाळी खेळायचे. २०१२ ला एका खुल्या स्पर्धेत रिबाउंड (रिंगवरून उसळलेला चेंडू) घेऊन खाली आले, पाय रोवला गेला आणि गुडघा आत वळला. बाहेर काही दिसत नव्हतं, आतून 'टक्' असा आवाज मात्र मी ऐकला. एसीएल, गुडघ्यातला अस्थिबंध. मुलींचे गुडघे मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा असे जातात, उडी मारून उतरताना गुडघे एकमेकांकडे पडतात ना, त्यामुळे. कसं उतरायचं हे शिकवता येतं, पण आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, कारण मॅडमनाही कोणी शिकवलं नव्हतं. आज माझ्याकडे नवीन मुलगी आली की पहिले पंधरा दिवस चेंडू नाही. पायरीवरून उडी, उतरणं, थांबणं. पालक विचारतात, बास्केटबॉल कधी सुरू होणार?

मुक्ताई

ती 'टक्' वाचून माझा गुडघा दुखला.

अण्णा_सातपूर

दवाखान्याचा खर्च कोणी केला?

सहा_नंबरी

वडिलांनी. सोसायटीचं कर्ज काढून. अण्णा, तुमचं म्हणणं मला पटत नाही असं नाही.

तर्री_कमी

वातावरण हलकं करायला: रविवारी सामना हरला की मिसळ, जिंकला की मिसळ. आमच्या कोचचं एवढंच तत्त्वज्ञान होतं. फक्त हरल्यावर पाव मोजून.

पेठरोडचा_बंटी

कुठली मिसळ?

निवृत्त_पंच

कृपया नको. मागचा एक चांगला धागा याच प्रश्नाने संपला होता.

सहा_नंबरी

:) जिंकल्यावरची.

तर कोच कशी झाले. लग्न झालं, मुलगा झाला. २०१६ ला एका शाळेत मुलींच्या संघाला कोणी नव्हतं. तासिका तत्त्वावर, महिना ४ हजार. (अण्णा, पेट्रोल निघायचं, पण फक्त पेट्रोलच.) सुरुवातीला बाहेरगावच्या स्पर्धांना मी संघाबरोबर जायचे ते 'महिला व्यवस्थापक' म्हणून. मुलींचा संघ असला की सोबत बाई लागते. कोच एक सर. मी म्हणजे आधार कार्डांची पिशवी, तिकिटं, पोरींचे डबे, कोणाला पाळी आली तर पॅड, रात्री वर्गखोलीत सतरंज्या टाकून सगळ्या झोपल्यात का ते मोजणं. बाकावर बसायचे पण बोलायचं नाही. तिसऱ्या वर्षी सर ऐनवेळी आले नाहीत आणि तो सामना मी चालवला.

चालवला कसला, ओरडले. प्रत्येक पासला ओरडत होते. "डावीकडे! सोड! घे! शॉट!" तोंडाने मी स्वतःच खेळत होते. आमची पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारी, नववीतली, दोन वेण्या, अगदी शांत पोर. दुसऱ्या हाफमध्ये टाइमआउट घेतला. मिनिटभराचा टाइमआउट, त्यातली चाळीस सेकंदं मी बोलले. ती पाणी पिऊन म्हणाली, "ताई, तुम्ही बोलता ना, तेव्हा मला समोरचं दिसत नाही."

मी गप्प. राग आला आधी. मग शेवटचा क्वार्टर हातांवर बसून काढला, अक्षरशः, दोन्ही तळवे मांडीखाली. हरलोच. पण त्या आठ-दहा मिनिटांत मला पहिल्यांदा सामना *दिसला*.

पुढच्या स्पर्धेपासून मांडीवर वही. कोर्टाची आकृती काढायची आणि चेंडू आमच्या हातून समोरच्यांकडे गेला की जिथे गेला तिथे फुली. एका सामन्यात १९ फुल्या झाल्या, त्यातल्या १४ डाव्या बाजूला. कारण एकाही पोरीला डाव्या हाताने ड्रिबल येत नव्हता, आणि हे समोरच्या कोचला माझ्याआधी कळलं होतं! मग महिनाभर रोज वीस मिनिटं उजवा हात ओढणीने कमरेला बांधून सराव. शाळेत हसले सगळे. पोरी वरणभातसुद्धा डाव्या हाताने खाऊन बघायला लागल्या, आयांच्या तक्रारी आल्या.

मुक्ताई

डाव्या हाताने जेवण! नाशकातल्या आज्यांनी काय केलं असेल.

कोलंबियाकर

व्यवस्थापकाचं वाचून पॅट समिट आठवली. १९७४ ला बाविसाव्या वर्षी टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची कोच झाली, तेव्हा संघाची गाडी तीच चालवायची आणि जर्स्याही तीच धुवायची. १९७६ ला खेळाडू म्हणून ऑलिंपिक रौप्य, १९८४ ला कोच म्हणून सुवर्ण. निवृत्त झाली तेव्हा नावावर १,०९८ विजय होते. सतरंज्या मोजणं त्याच जातीचं काम आहे.

सहा_नंबरी

जर्स्या मीही धुतल्यात. फरक एवढाच की पॅटबाईंना धुतलेल्या जर्सीबरोबर संघही मिळाला होता. मला सतरंज्या आधी, संघ तीन वर्षांनी. माझ्याबरोबरच्या दोघी व्यवस्थापकच राहिल्या, खेळ माझ्याइतकाच कळत होता. त्यामुळे ते काम फार गोड करून सांगू नका.

कोलंबियाकर

मान्य. माझं चुकलं.

अण्णा_सातपूर

आता मूळ प्रश्न. घर चालतं का?

सहा_नंबरी

माझ्या एकटीच्या पैशात आजही नाही. सासूबाईंनी मुलाला सांभाळलं म्हणून सहा आठवड्यांचा कोर्स करता आला. बी.पी.एड. नंतर केलं, चौतिसाव्या वर्षी, वर्गात सगळ्या मला काकू म्हणायच्या. आता शाळेत पगार बरा आहे आणि सकाळी सहा ते आठ माझी स्वतःची बॅच असते. पंच म्हणतात ते शंभर टक्के खरं, बी.पी.एड. आधी केलं असतं तर माझी पाच वर्षं वाचली असती. रेवतीताई, हे भाचीला जरूर सांगा.

आणि एक करा. पटियाला, बँक, सगळं बाजूला ठेवून तिला महिनाभर माझ्या बॅचला पाठवा. खेळायला नाही. पत्ता निरोपातून देते.

रेवती_इंदिरानगर

सगळ्यांचे मनापासून आभार. निरोप मिळाला. भावाला धागा वाचायला दिलाय. त्याने पेट्रोलच्या वाक्यापर्यंत वाचून "बघ!" म्हटलं, पुढचं वहिनीने वाचून दाखवलं.

रेवती_इंदिरानगर

(पाच आठवड्यांनी धागा वर काढतेय.)

भाची पहिल्या दिवशी गेली ती नवे बूट घालून. बारक्या पोरींना आपला क्रॉसओव्हर (चेंडू झटकन एका हातातून दुसऱ्या हातात) दाखवला, पोरींनी टाळ्या वाजवल्या, बाई खूश. निघताना ताईंनी एकच विचारलं, "ती निळ्या टीशर्टवाली, तिने डावा हात किती वेळा वापरला?" हिला सांगता येईना. म्हणाली, "आत्या, मला ती पोरगी आठवतच नव्हती." दुसऱ्या दिवशी बूट साधे आणि खिशात वही. आता जेवताना त्या वहीतलं वाचून दाखवते. आम्हाला काही कळत नाही, पण निळ्या टीशर्टवालीची प्रगती घरात सगळ्यांना पाठ आहे.

ठरलंय ते असं: बी.पी.एड.चा प्रवेश-अर्ज भरायचा आणि संध्याकाळचा बँकेचा क्लासही चालू ठेवायचा. अण्णा, तुमची अर्धी बाजू जिंकली. भाऊ रोज सहाला तिला सोडायला जातो आणि परत यायचं सोडून कठड्यावर बसून राहतो. परवा एका पोरीकडे बोट दाखवून "ट्रॅव्हलिंग!" म्हणाला. चूक होतं म्हणे, पण म्हणाला.

पुढच्या आठवड्यात तिचा वाढदिवस. चांगली शिट्टी द्यायचा विचार आहे. कुठली घेऊ?

निवृत्त_पंच

आत वाटाणा असलेली घेऊ नका, थुंकी आणि पावसाने वाटाणा अडकतो आणि ऐनवेळी फुस्स होतं. फॉक्स ४० घ्या, एका पंचानेच काढलेली आहे. नकली फार येतात, दुकानात वाजवून बघा.

तर्री_कमी

दुकानात वाजवून बघितलेली दुसऱ्याला विकतात का हो ते?

सहा_नंबरी

रेवतीताई, शिट्टी राहू द्या, माझ्याकडे दोन आहेत. पाऊस सुरू झालाय, सकाळी कोर्टावर डबकं असतं आणि पोरी गोणपाटाने पुसत बसतात, त्यात पंधरा मिनिटं जातात. मोठ्या दांड्याचा वायपर आणा. रुंद रबरवाला.